पाचोळा कुठे झाडायचा आणि कुठे राहू द्यायचा

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न नीट वाचला. पुण्यातला जुना बंगला, भोवती 4 गुंठ्यांची बाग. एक आंबा, एक फणस, फाटकाजवळ देशी बदाम, मागच्या कुंपणाशी दोन नारळ, आणि शेजारच्या पर्जन्यवृक्षाची अर्धी सावली तुमच्या अंगणात. माघ लागला की रोज सकाळी दोन तास खराटा चालतो, तरी संध्याकाळपर्यंत अंगण पुन्हा भरतं. माळीकाका कोपऱ्यात ढीग करून पेटवतात, त्यावरून शेजाऱ्यांशी कुरबुर झाली. गेल्या वर्षी खड्डा काढून त्यात पाचोळा भरलात, पण दिवाळीत उकरला तर वरची पानं जशीच्या तशी आणि तळाशी घाण वास. आता पानं उडवणारं यंत्र घ्यावं का, असं विचारलंय.

यंत्राचं आधी सांगतो. घेऊ नका. आपल्याकडे पानगळ होते ती नेमकी कोरड्या दिवसांत. त्या वाऱ्याच्या झोताने पानं जेवढी हलतात त्याहून जास्त धूळ उठते. ती धूळ म्हणजे तुमच्या वाफ्यातली वरची सगळ्यात चांगली माती. ती शेजाऱ्यांच्या गॅलरीत जाणार, आणि धुराच्या भांडणात आवाजाचं भांडण वाढणार. 4 गुंठ्यांना त्याची गरजही नाही.

मी 26 वर्षं पुण्यात बागांची देखभाल करतोय. तुमच्यासारख्या बागेत जेवढा पाचोळा झाडला जातो, त्यातला निम्म्याहून अधिक झाडायची गरजच नसते. म्हणून आधी कुठला पाचोळा उचलायचा आणि कुठला नाही हे ठरवू, मग उचललेल्याचं काय करायचं ते पाहू.

इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले थंड देशांतले असतात. तिथे पानं गळतात आणि पाठोपाठ बर्फ पडतो, ओल्या पानांखाली हिरवळ कुजते, म्हणून सगळं उचलायची घाई. आपल्याकडे उलट आहे. शिशिरात पानं गळतात, चैत्रात पालवी फुटते आणि त्यानंतर वैशाखाचं ऊन. म्हणजे जमीन सगळ्यात जास्त तापणार त्याच्या आधी दीड-दोन महिने झाड आपल्या मुळांवर पांघरूण घालतं. मृगाचा पाऊस पडला की तेच पांघरूण भिजतं, कुजतं आणि मुळांना खाऊ होतं. आपण मात्र फाल्गुनात ते झाडून जाळतो, चैत्रात उघड्या जमिनीला रोज पाईप लावून पाणी देतो आणि जूनमध्ये शेणखताच्या गोण्या विकत आणतो. हे मी शेकडो बंगल्यांत पाहिलंय आणि दर वर्षी जीव तुटतो.

आता तुमची बाग तुकड्यातुकड्याने पाहू.

फाटकापासून पायरीपर्यंतची फरशी रोज झाडायचीच. ओल्या पानावरून पाय सरकतो, आणि बदामाची पानं शहाबादी फरशीवर भिजून पडली तर तपकिरी डाग सोडतात. पर्जन्यवृक्षाच्या शेंगा गोड चिकाच्या असतात. त्या गाडीखाली चिरडल्या की मुंग्या लागतात, त्याही उचला. घराच्या भिंतीला लागून तीन फुटांचा पट्टा कायम मोकळा ठेवा. याचं कारण पुढे सांगतो. हिरवळीवरची पानं दोन-तीन दिवसांनी काढा, कारण फणसाचं एक पान आठवडाभर पडून राहिलं तरी खालची हरळी पिवळी पडते. गुलाबाच्या वाफ्यातली काळे ठिपके पडलेली पानं वेचून वेगळी करा. तो बुरशीचा रोग आहे, आणि पडलेल्या पानांवरून पावसाच्या शिंतोड्यांनी तो पुन्हा झाडावर चढतो. आंब्याखाली गळून सडणारे आंबे रोज उचला, नाहीतर त्यात फळमाशी वाढते. गच्चीच्या पन्हळी आणि पावसाळी पाण्याचं चेंबर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एकदा हात घालून साफ करा. हे विसरलात तर पहिल्या जोराच्या पावसातच गच्चीवर तळं साचतं.

बस, एवढंच झाडायचं. आंब्याखाली, फणसाखाली, जास्वंदी-तगरीच्या रांगेत, कुंपणाच्या कडेला खराटा फिरवायचा नाही. तिथे पडलेलं पान तिथेच राहील. पहिले पंधरा दिवस ते तुमच्या डोळ्यांना खुपेल, हे मला माहीत आहे. आपल्याकडे स्वच्छ अंगण म्हणजे लक्ष्मी, आणि सारवलेल्या मातीवर एक काडी दिसू नये ही शिकवण आपल्या आयांनी दिलेली. ती शिकवण अंगणासाठी होती. परसातल्या झाडाखालच्या जमिनीला ती लावायचं कारण नाही. नजरेला बरं वाटावं म्हणून वाफ्याला विटांची किंवा दगडांची कड घाला. कडेच्या आत पाचोळा, बाहेर लख्ख फरशी. एवढ्याने बाग नेटकी दिसते, हा माझा अनुभव आहे.

झाडण्याबद्दलही एक-दोन गोष्टी. पहाटेच्या दवाने पानं थोडी नरम असतात तेव्हा झाडा. धूळ उडत नाही आणि पान चुरडून फरशीच्या सांध्यात बसत नाही. उशीर झालाच तर हाताने हलका सडा मारून मग झाडा. फरशीला हिराचा खराटा चांगला, पण मातीवर तो वापरू नका. त्याचे हीर माती खरवडतात आणि आंब्याची वरवर पसरलेली बारीक मुळं उघडी पडतात. मातीवरून आणि हिरवळीवरून पानं ओढायला लांब दांड्याचं, पातळ पट्ट्यांचं दाताळं घ्या. आणि ढीग करून घमेल्याने भरण्यापेक्षा जुनी चादर किंवा गोणपाट फाडून पसरा, पानं त्यावर ओढा, चार टोकं धरून न्या. माळीकाकांची कंबर वाचेल आणि वेळ निम्मा होईल.

उचललेल्या पाचोळ्याचा पहिला उपयोग आच्छादन. जिथे पानं पडत नाहीत अशा उघड्या वाफ्यांवर, भाजीच्या रांगांत, कुंड्यांत पसरा. वाफ्यात 3 ते 4 इंच, कुंडीत इंच-दीड इंच. एप्रिलमध्ये पाणी निम्म्यावर आलं नाही तर मला सांगा. पण बुंध्याला टेकवायचा नाही. चारही बाजूंनी वीतभर जागा मोकळी ठेवायची. धंद्याच्या पहिल्या वर्षांत मी एका बागेत कलमी आंब्याच्या रोपांभोवती हौसेने दीड फूट पाचोळा रचला होता, थेट खोडापर्यंत. श्रावणात पाहिलं तर दोन रोपांची साल बोटाने सुटून येत होती आणि आत सगळं काळं. तेव्हापासून मी खोडाभोवती जागा सोडली की नाही हे स्वतः वाकून पाहतो.

दुसरी चूक खूप जण करतात. वाळकी पानं मातीत खणून मिसळतात, आणि महिन्याभरात झाडं पिवळी पडतात. असं का होतं ते समजून घ्या, कारण खत करायची सगळी गुरुकिल्ली त्यात आहे. पान गाळण्याआधी झाड त्यातलं नत्र (नायट्रोजन), स्फुरद, पालाश हे अन्न जेवढं काढून घेता येईल तेवढं परत खोडात ओढून घेतं. मग देठाशी एक थर तयार होतो आणि पान सुटतं. मागे राहतो तो मुख्यतः कर्ब, म्हणजे कार्बन. कर्ब कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं. पान वर पसरलेलं असेल तर ते सावकाश कुजतं, काही बिघडत नाही. मातीत मिसळलंत तर जिवाणू मातीतलंच नत्र उचलतात आणि तुमचं झाड उपाशी राहतं.

तुमचा खड्डाही याच कारणाने फसला, आणि दुसरं कारण पाण्याचं. आंब्या-फणसाच्या पानाला मेणाचा थर असतो. तशीच पानं खड्ड्यात ओतली की ती एकावर एक कौलांसारखी बसतात. वरून पडलेलं पाणी पानांवरून घरंगळत कडेने तळाशी जातं. मधला ढीग कोरडा राहतो, आणि तळाशी साचलेल्या पाण्यात हवेशिवाय कुजणं सुरू होतं, त्याचाच तो वास. माळीकाकांची त्यात चूक नाही, पद्धतच चुकीची होती.

या वर्षी खड्डा नको, जमिनीवर ढीग करा. बाजारात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी मिळते. 4 फूट उंचीची, 10 फूट लांबीची घ्या. टोकं तारेने बांधली की तीन फूट व्यासाचा गोल पिंजरा होतो. याहून लहान केलात तर ढीग तापत नाही. सावलीत, मातीवर उभा करा, फरशीवर नको. तळाला हातभर लांबीच्या वाळक्या काटक्या आडव्यातिडव्या टाका, म्हणजे खालून हवा खेळते.

पानं आधी चुरा. दुपारी उन्हात कडक झालेली पानं गोणीत अर्धी भरा, तोंड बांधा आणि वर पाय देऊन तुडवा. नातवंडं सुट्टीला आली तर त्यांना हे काम द्या, ती उतरायलाच तयार होत नाहीत. माझ्या हिशेबाने चार गोण्या पानांचा एक गोणी चुरा होतो, आणि कुजण्याचा वेळ निम्म्यावर येतो. सोसायट्यांना मी चुरा करणारं विजेचं यंत्र सुचवतो, एका घराला तो खर्च नको. मग चुरा पाण्याच्या पिंपात रात्रभर भिजत घाला. ही पायरी कंटाळून गाळू नका, कोरड्या पानावर नुसतं पाणी मारून ते भिजत नाही.

सकाळी थर द्यायला घ्या. तीन घमेली भिजलेला पाचोळा, त्यावर एक घमेलं हिरवं: स्वयंपाकघरातला ओला कचरा, हिरवळीचं कापलेलं गवत, शेंगा काढलेली वालाची वेल, काहीही चालेल. गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) फांद्या मिळाल्या तर फार उत्तम, त्या पाल्यात नत्र भरपूर असतं. वर दोन मुठी जुनं खत किंवा झाडाखालची माती भुरभुरवा, त्यातून जिवाणू येतात. शेण मिळालं तर बादलीत सरबरीत शेणकाला करून शिंपडा. असं करत पिंजरा भरा. शेवटचा थर कायम पाचोळ्याचाच ठेवा, म्हणजे चिलटं घोंगावत नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगात लोखंडी सळई खुपसा आणि पाच मिनिटांनी बाहेर काढा. हाताला चटका बसला पाहिजे. चांगल्या ढिगाचं पोट 55 ते 65 अंश सेल्सियसपर्यंत तापतं, त्यात तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. सळई थंड निघाली तर दोन कारणं असतात, पाणी कमी किंवा हिरवं कमी. ढिगाच्या आतून मूठभर घ्या आणि करकचून आवळा. बोटांतून एक-दोन थेंब ओघळले तर ओल बरोबर. धार लागली तर पाणी जास्त झालं, कोरडा चुरा मिसळा. काहीच आलं नाही तर पाणी द्या. दर पंधरा दिवसांनी पिंजरा उचलून शेजारी ठेवा आणि ढीग त्यात उलटा भरा, बाहेरचं आत, आतलं बाहेर. अशाने तीन ते चार महिन्यांत खत हातात येतं.

एवढं जमत नसेल तर दुसरी वाट आहे, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला तीच आवडते. नुसती भिजवलेली, चुरलेली पानं गोण्यांत भरायची, गोण्यांना दहा-बारा भोकं पाडायची आणि नारळामागे सावलीत रचून विसरून जायचं. उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा पाणी, बाकी काही नाही. हे काम बुरशी करते, तिला घाई नसते. शिमग्याला भरलेली गोणी दसऱ्याच्या सुमारास उघडली की पानांना पांढरे धागे लपेटलेले दिसतात, काही पानांची नुसती जाळी राहिलेली असते, आपण लहानपणी वहीत पिंपळाचं पान ठेवायचो तशी. मूठ नाकाशी नेली तर पहिल्या पावसानंतर रानाचा येतो तो वास. या पानकुजीत खताचा जोर फार नसतो, पण पाणी धरून ठेवण्यात तिच्या तोडीचं काही नाही. रोपं करायला, नेच्यांना, अँथुरियमला एक भाग पानकूज, एक भाग माती, एक भाग शेणखत असं मिश्रण करा. नारळाच्या भुश्याच्या विटा आणायची गरज उरत नाही.

झाडागणिक पान वेगळं वागतं. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं तुमच्याकडची सगळ्यात गुणी, ती शेंगवर्गीय आहेत, न चुरता लवकर कुजतात, तशीच वाफ्यावर टाका. बदामाची पानं हाताएवढी आणि कडू, ती चुरल्याशिवाय ढिगात घालू नका. त्या झाडाची पानगळ वर्षातून बहुधा दोनदा होते, म्हणून पावसाळ्यातही लाल पानांचा सडा दिसेल. तेव्हा घाबरून जाऊ नका, झाडाला काही झालेलं नसतं. आंबा आणि फणस सदाहरित, त्यांचं थोडं थोडं वर्षभर चालू राहतं. नारळाच्या झावळ्या ढिगात घालूच नका. तुकडे करून वाफ्यांच्या कडेला रचा. निलगिरीची पानं कुठून मिळाली तर ती भाजीच्या वाफ्यात नको.

जाळण्याबद्दल माळीकाकांशी नीट बोला. ते वर्षानुवर्षं तेच करत आले आहेत, रागावून उपयोग नाही. त्यांना मातीची बाजू सांगा. जाळल्यावर नत्र आणि कर्ब धुरातून जातात, उरते ती राख. आपली बेसाल्टातून तयार झालेली माती मुळात अल्कधर्मी, आणि राख तिला आणखी तिकडेच ढकलते. तुमच्या जास्वंदीची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर ढीग जिथे जळतो ती जागा आठवून पाहा. त्यात झाडाखाली जाळलं की वरची बारीक मुळं भाजतात. मी एका वाड्यात बकुळीची एक बाजू अशी वाळलेली पाहिली आहे, अगदी ढिगाच्या दिशेची. कायद्याचंही सांगा. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये देशभर उघड्यावर कचरा जाळायला बंदी केली. साध्या जाळण्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25,000 रुपये दंड ठरवला. सगळं करूनही पाचोळा उरलाच तर तो मागणारे लोक पुण्यात आहेत. गच्चीवर बाग करणाऱ्यांना तो हवाच असतो, आणि 'ब्राऊन लीफ' हा नागरिकांचा उपक्रम देणाऱ्या-घेणाऱ्यांची गाठ घालून देतो. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांनी शेतात प्रयोग करणाऱ्यांच्या 'प्रयोग परिवारा'तून पालापाचोळ्यावर शेती उभी करून दाखवली, त्यालाही आता कित्येक दशकं झाली.

भिंतीशी तीन फूट मोकळे ठेवा म्हणालो, त्याचं कारण साप. पुण्याच्या आसपास घोणस आहे, आणि तिच्या अंगावरची नक्षी वाळक्या पानांत अशी मिसळते की हातभर अंतरावरून दिसत नाही. पाचोळ्यात कधीही थेट हात घालायचा नाही. आधी दाताळ्याच्या दांड्याने ढीग हलवा, दोन क्षण थांबा, कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकू आला तर मागे व्हा आणि सर्पमित्रांना बोलवा. पायात गमबूट हवेतच. माळीकाकांना अजून घेऊन दिले नसतील तर याच आठवड्यात द्या. अंधारात त्या बाजूला जाताना बॅटरी घ्या.

वाळवीला मात्र भिऊ नका. ती मेलेलं लाकूड आणि पान खाते, जिवंत, सशक्त झाड सहसा सोडते. ढीग ओला राहिला की ती सहसा टिकत नाही. फक्त ढीग लाकडी चौकटीपासून लांब ठेवा. दुसरी गोष्ट तुमच्या नारळांसाठी महत्त्वाची. ढीग उलटताना अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या दिसल्या तर त्या वेचून काढा. गेंड्या भुंगा असल्याच कुजक्या ढिगात अंडी घालतो आणि मोठा झाला की नारळाचा कोंब पोखरतो. अळ्या अंगणात टाका, कावळे पाच मिनिटांत साफ करतात.

पावसाळा लागला की आच्छादन थोडं विरळ करा. आषाढात जाड थराखाली गोगलगायी लपतात आणि रात्री झेंडूची रोपं फस्त करतात. वाफ्यातला जास्तीचा थर उचलून पिंजऱ्यात टाका. झाडांखालचा तसाच राहू दे, तो पावसाच्या माऱ्यापासून माती धरून ठेवतो.

आज एकच करा. फणसाखालचा चौकोन माळीकाकांना झाडू नका म्हणून सांगा आणि आठ दिवस सकाळी चहा घेऊन तिथे बसा. सातभाईंचा थवा येईल, एकेक पान चोचीने उलटून बाजूला टाकेल आणि खालचे किडे टिपेल. आठ दिवसांनी दाताळ्याच्या दांड्याने पानं सरकवून खालची माती बोटाने दाबून पाहा, आणि शेजारच्या झाडलेल्या जागेची पण दाबून पाहा. दोन्हींतला फरक काय वाटला ते मला कळवा, म्हणजे ढिगाला पाणी किती द्यायचं ते तुमच्या मातीप्रमाणे सांगता येईल.